सरकारी शाळेतील धार्मिक अभिव्यक्ती आणि विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य : अमेरिकी न्यायनिर्णयांची चिकित्सा

प्रस्तावना :
अमेरिकेच्या संविधानातील पहिली दुरुस्ती शासनाला धर्मस्थापनेस मनाई करते आणि व्यक्तीला धर्माचरणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. सरकारी शाळेत या दोन तत्त्वांमध्ये वारंवार ताण निर्माण होतो; कारण तेथे शासनाची सत्ता आणि अल्पवयीन नागरिक समोरासमोर येतात.

विवेचन :
बार्नेट खटल्यात (१९४३) तेथील सर्वोच्च न्यायालयाने यहोवाज् विटनेसेस पंथाच्या मुलांवरील ध्वजवंदनाची सक्ती रद्द केली. एंगल खटल्यात (१९६२) शासनाने रचलेली शालेय प्रार्थना घटनाबाह्य ठरली. टिंकर खटल्यात (१९६९) व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधणाऱ्या विद्यार्थ्यांचा हक्क मान्य झाला; शालेय कामकाजात लक्षणीय व्यत्यय येत नसेल तर अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असा निकष त्यातून मिळाला. या निर्णयांचे सूत्र स्पष्ट आहे : विद्यार्थी बोलतो तेव्हा त्याला संरक्षण, शाळा बोलते तेव्हा तिच्यावर बंधन. म्हणूनच मधल्या सुट्टीत स्वेच्छेने प्रार्थना करणाऱ्या विद्यार्थ्याला शाळा अडवू शकत नाही.

मात्र 'कोण बोलतो' एवढाच प्रश्न पुरेसा नाही. 'कोणावर दबाव येतो' हेही पाहणे अगत्याचे आहे. टेक्सासमधील सांता फे खटल्यात (२०००) फुटबॉल सामन्यापूर्वीची प्रार्थना विद्यार्थीच म्हणणार होता. तरीही ध्वनिक्षेपक, मैदान व समारंभ शाळेचे असल्याने ती अमान्य झाली. ब्रेमर्टन निर्णयात (२०२२) ही दृष्टी क्षीण झालेली दिसते. सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी प्रार्थना करणाऱ्या प्रशिक्षकाची कृती न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने खाजगी मानली आणि विद्यार्थ्यांवर सक्ती झाली नसल्याचा निष्कर्ष काढला. परंतु कोणाला खेळवायचे हे ज्याच्या हाती असते, त्याच्या प्रार्थनेपासून दूर राहणे खेळाडूला सोपे नसते. न्यायमूर्ती सोटोमायोर यांच्या भिन्नमतात याच अप्रत्यक्ष दबावाकडे लक्ष वेधले आहे.

भारतातही या विचाराचे पडसाद उमटले. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहणाऱ्या, परंतु श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या केरळमधील याच पंथाच्या तीन मुलांना शाळेतून काढण्यात आले होते. बिजो इमॅन्युएल खटल्यात (१९८६) भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बार्नेट निर्णयाचाही परामर्श घेत त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला.

समारोप :
धार्मिक अभिव्यक्ती शाळेतून हद्दपार करणे हा या प्रश्नावरील उपाय नव्हे. विद्यार्थ्याच्या प्रार्थनेला जेवढे संरक्षण, तेवढेच त्याच्या मौनालाही मिळाले पाहिजे. सक्ती नेहमी आज्ञेच्या रूपाने येत नाही. त्यामुळे शाळेतील स्वातंत्र्याची कसोटी प्रार्थनेत सामील होणाऱ्या बहुसंख्यांवरून नव्हे, तर बाजूला उभ्या राहणाऱ्या एकट्या विद्यार्थ्यावरून लावणे न्याय्य ठरते.