पट्टी कोण वाचणार?

समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता किंवा कादंबरी आठवते. आज मी समीक्षा करणार आहे ती चार ओळींच्या एका माहितीची. क्रिप्टोकरन्सीच्या खरेदी-विक्रीचा इतिहास काढून एआय एजंटला देणारी साधनं असतात, त्यांच्यासोबत ही माहिती येते. एजंट म्हणजे असा प्रोग्राम, ज्याला आपण साध्या भाषेत काम सांगतो आणि कोणतं साधन वापरायचं हे तो स्वतःच ठरवतो. ठरवतो कशावरून? तर याच चार ओळींवरून.

हे मी कारंज्यात बोलतोय, त्याला कारण आहे. इथला कापूस बाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं नियंत्रित झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात मिळावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू. म्हणजे नियम लिहिताना डोळ्यांपुढे गिरणी होती. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो: लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण आहे, यावर कागदात काय येणार आणि काय सुटणार हे ठरतं.

आता आपली हिशोबपट्टी बघा. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. एखादा आकडा पटला नाही तर शेतकरी तिथंच विचारतो, "भाऊ, हे कशाचे कापले?" एजंट बहुधा असं विचारत नाही. माहितीत जे नाही ते तो अंदाजानं भरतो, आणि तेही अगदी ठाम आवाजात.

या साधनांच्या वर्णनात नेहमी दिसणारं वाक्य म्हणजे "वापरकर्त्याची ट्रेड हिस्टरी आणते." वाक्य खोटं नाही. पण सगळी आणते का? बायनान्सच्या स्पॉट बाजाराचं उदाहरण घ्या. तिथं स्वतःचे व्यवहार मागताना एका वेळी एकच जोडी सांगावी लागते, म्हणजे बिटकॉइन-टिथर वेगळं आणि इथर-टिथर वेगळं. एका मागणीत न सांगता ५०० आणि सांगून जास्तीत जास्त १,००० व्यवहार मिळतात. सुरुवातीची आणि शेवटची वेळ दिली, तर त्यांच्यात २४ तासांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. कंपनीच्या कागदपत्रात हे सगळं लिहिलेलं आहे, त्याबद्दल दाद द्यायला हवी. पण त्यावर एजंटसाठी साधन रचणारा हे तपशील गाळून एका ओळीचं वर्णन लिहितो, तिथं घोळ होतो. ५०० नोंदी आल्या की एजंट समजतो, झालं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय बिघडतं? बिघडतं ते करात. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. म्हणून प्रत्येक ओळ मोलाची. जुनी खरेदी यादीतून सुटली, तर खरेदीची किंमतच हरवते आणि नफा फुगतो.

दुसरी उणीव वेळेची. नोंदीतली वेळ जागतिक प्रमाणवेळेवरून मोजलेली असते, मिलिसेकंदांत. १ एप्रिलला पहाटे दोन वाजता मी व्यवहार केला, तर त्या घड्याळात ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे आर्थिक वर्षच बदललं! वर्णनात "वेळ" एवढाच शब्द असेल, तर ही चूक कुणाच्या लक्षात यायची?

तिसरी उणीव शुल्काची. शुल्क कधी कधी तिसऱ्याच नाण्यात कापलं जातं. दिलेली रक्कम शुल्क धरून आहे की सोडून, हे सांगितलं नाही तर बेरीज चुकणारच.

उलट एक चांगला नमुना सांगतो. सीसीएक्सटी या मुक्त ग्रंथालयात सगळ्या बाजाराचे व्यवहार आणण्यासाठी 'फेचट्रेड्स' आहे, आणि स्वतःचे आणण्यासाठी 'फेचमायट्रेड्स'. फरक फक्त 'माय'चा, पण त्या दोन अक्षरांनी अर्धा गोंधळ मिटतो. नाव ठेवणं हेही लेखनच आहे.

यावर आक्षेप येतो की वर्णन लांबलं तर एजंटवर भार पडतो. खरं आहे. पण मी निबंध मागत नाही. एवढंच लिहा: "एका वेळी एकाच जोडीचे व्यवहार मिळतात. यादी अपुरी असू शकते. ५०० नोंदी आल्या तर पुढच्या मागा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. शुल्क वेगळं दिलं आहे, त्याचं नाणं बघा. या साधनानं खरेदी-विक्री करता येत नाही." पाच-सहा वाक्यं. शेवटचं तर सगळ्यांत महत्त्वाचं, कारण चावी तुमच्या खात्याची असते.

तेव्हा अशी माहिती तपासताना मी एकच कसोटी लावतो: काय मिळणार नाही, हे तिनं सांगितलंय का? वाचणारा उलट विचारू शकत नसेल, तर त्याचे प्रश्न लिहिणाऱ्यानं आधीच स्वतःला विचारायला हवेत. पट्टीचा हिशोब चुकला, तर भुर्दंड यंत्राला बसत नाही मंडळी, तो खातेदारालाच बसतो.