गरज नक्की कुणाची?

समजा, इंग्लंडमध्ये तुमचा दुभत्या गायींचा गोठा आहे आणि गड्यासाठी शेतातच घर बांधायचंय. परवानगी मिळेल? 2004 च्या पीपीएस-7 या नियोजन धोरणाच्या परिशिष्टात दोन मुख्य कसोट्या होत्या: रात्री-अपरात्री जनावरांपाशी माणूस लागतो का, आणि शेती किमान तीन वर्षं चालू असून त्यातलं एक तरी वर्ष नफ्याचं आहे का. 2012 मध्ये ते धोरण गेलं, नव्या धोरणात ‘अत्यावश्यक गरज’ एवढंच उरलं. 2019 च्या मार्गदर्शनात मात्र चोवीस तास देखभालीचा मुद्दा पुन्हा आलाच.

शेतीच्या नावाखाली रानात बंगले उठू नयेत, हा हेतू मलाही पटतो. पण मोजमाप बघा. परिशिष्टात साफ म्हटलं होतं की गरज व्यवसायाची बघायची, माणसाची नाही. म्हणजे गाय अडते म्हणून घर मिळेल. गड्याला गावातलं भाडं परवडत नाही म्हणून नाही. हंगामी मजुरांच्या कॅरव्हॅनना तर हंगामापुरता वेगळा अर्जही सहसा लागत नाही.

प्रयोगशाळेत आपण जे मोजत नाही, ते निष्कर्षात येत नाही. इथेही तेच झालंय. कसोटी चुकीची नाही, अपुरी आहे.