सीमेवरचा म्हातारा आणि त्याचे शेजारी

भाग्य आणि आपत्ती यांविषयीच्या चिनी वचनांत सीमेवरच्या म्हाताऱ्याच्या हरवलेल्या घोड्याची म्हण सर्वश्रुत आहे. तिची कथा 'ह्वायनानत्सू' या ग्रंथात येते. राजपुत्र ल्यू आन याने विद्वानांकरवी सिद्ध केलेला हा ग्रंथ इ. स. पू. १३९ मध्ये सम्राट वू याला अर्पण झाला. कथा लहानशीच आहे. घोडा सरहद्दीपलीकडे पळतो. शेजारी हळहळतात, म्हातारा मात्र हळहळत नाही. काही महिन्यांनी घोडा उमद्या घोड्यांसह परततो. शेजारी आनंदतात, म्हातारा साशंक. मुलगा घोड्यावरून पडून अधू होतो. पुढे शत्रूची स्वारी येते, धडधाकट तरुण कामी येतात आणि लंगडा मुलगा वाचतो.

'देव करतो ते बऱ्यासाठीच' असा अर्थ आपण यातून सहज काढतो. मूळ कथा तसे म्हणत नाही. निवाड्याची घाई करू नका, एवढेच तिचे सांगणे. 'ताओ ते चिंग'च्या ५८ व्या अध्यायातही सुख आणि आपत्ती एकमेकांच्या आश्रयाने राहतात असे सांगून, त्यांचा शेवट कोठे, हा प्रश्न उघडाच ठेवला आहे. आमच्या मते या विचाराचे बळ तेथेच आहे.

आमच्या वणीकडच्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी दृष्ट लागावी अशी वाढली. त्या उंच, दाट पिकात फवारणी करताना औषध अंगावर आले, श्वासात गेले. वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. कारणे आणखीही होती. औषधांची मिश्रणे केली जात होती, तोंडावर बांधायला धड फडकेही नसे. तरी बांधावरून जे पीक सर्वांनी वाखाणले, तेच फवाऱ्याला तोंडापर्यंत घेऊन आले.

मग अशा घरी ही कथा सांगावी काय? आम्हांला ती तेथे अपुरी वाटते. म्हातारा रडत नाही. ईयोब रडतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाशी वाद घालतो. आणि अखेरीस देवाचा कोप होतो तो त्याच्या मित्रांवर. हे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते!

दुसरी गोष्ट अधिक खटकते. कथा एकाच घराचा हिशेब ठेवते. गावचे दहांतले नऊ तरुण मेले, हे ती जाता जाता सांगते. घोडा हरवला तेव्हा सांत्वनाला आलेल्या शेजाऱ्यांचीच ती मुले असणार. म्हातारा त्यांच्या दारी गेला की नाही, हे ग्रंथकाराने लिहिलेले नाही.