कडी आणि मोहोर

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात सफोक परगण्यात नोकरीला आहे. दिवाळीच्या सुमारास त्याचे पत्र येते; त्यात चकलीची आठवण आणि तिथल्या पावसाची तक्रार ठरलेली. गेल्या वर्षी पत्राबरोबर एक पुडीही आली. आत एक काळवंडलेले नाणे होते. आपल्या जुन्या राणीछाप रुपयाएवढे रुंद. १९१७ सालची पेनी!

गावच्या खेळाच्या मैदानावर ती सापडली म्हणे. मैदान कसले, दोन बाजूंना गोलाचे खांब, मधे टक्कल पडलेले गवत आणि कडेला एक बाक. रीतसर परवानगी काढून हा गृहस्थ रविवारी धातू शोधण्याचे यंत्र घेऊन तिथे फिरतो. यंत्राच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून निघणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीतल्या धातूला डिवचते, धातू उत्तर देतो आणि कानाशी आवाज उमटतो. तीन तासांची कमाई त्याने प्रामाणिकपणे कळवली होती : शीतपेयाच्या डब्यांच्या ओढून काढायच्या सतरा कड्या, चंदेरी कागदाचे बोळे आणि ही पेनी. शेवटी लिहिले होते, "सर, सोन्याची अंगठी आणि अल्युमिनियमची कडी यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. म्हणून प्रत्येक वेळी खणावेच लागते. तुम्ही 'डिटेक्टरिस्ट्स' जरूर पाहा."

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पडद्याच्या तळाशी उमटणारी अक्षरे वाचत आणि सौभाग्यवतींना अर्थ सांगत मी ही बीबीसीची मालिका पाहिली. मॅकेन्झी क्रूक यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत अँडीची भूमिकाही केली. २०१४, २०१५ आणि २०१७ असे तिचे तीन भाग झाले. २०२२ च्या नाताळात आणखी एक दीर्घ कथा आली. अँडी आणि त्याचा मित्र लान्स शेताशेतांतून यंत्र फिरवीत असतात. लान्सची भूमिका टोबी जोन्स यांनी केली आहे. त्या माणसाच्या नुसत्या मान वळवण्यात घटस्फोटाचे दुःख दिसते. अँडीची बेकी शाळामास्तरीण आहे, म्हणून माझा तिच्याकडे थोडा अधिक ओढा! तिच्या आईचे काम अभिनेत्रीच्या खऱ्या आईनेच, डायना रिग यांनी, केले आहे. मंडळात बटणांचा अभ्यास करणारा एक निवृत्त पोलीसही आहे. यंत्राला 'डिटेक्टर' म्हणावे आणि माणसाला 'डिटेक्टरिस्ट', यावरून ही मंडळी अगदी हळवी होतात.

आपल्याकडे गुप्तधन म्हटले की नाग आला, मांत्रिक आला, अमावास्या आली. इथे असले काहीच नाही. वाऱ्यावर डोलणारे गवत, झाडाखाली सोडलेला डबा, थोड्या गप्पा, पुष्कळ शांतता. खणावे तर कडी निघते. ती हातात धरून दोघे इतक्या गंभीरपणे चर्चा करतात की आपणही क्षणभर तिला ऐतिहासिक वस्तू समजतो. लेखकाने कडीची थट्टा केलेली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. कडीला हसू लागलो की पुढचा खड्डा खणण्याची इच्छा मरते, हे त्याने ओळखले आहे.

तरीही त्याचा हात शेवटी आवरला नाहीच. दुसऱ्या भागाच्या अखेरीस लान्सला सोन्याचा प्राचीन दागिना सापडतो. इथवर माझी तक्रार नाही, कारण त्यानंतरच्या नाताळ-कथेत लेखकाने त्याची किंमत वसूल केली आहे : दागिना संग्रहालयात जातो आणि शोधणाऱ्याचा हात मात्र रिकामा पडतो, त्याला काही केल्या काही मिळत नाही. पण तिसऱ्या भागाच्या शेवटी मॅगपाय पक्ष्यांनी घरट्यात दडवलेल्या सोन्याच्या मोहरा झाडावरून गळू लागतात. तिथे मी जरा मागे सरलो. जन्मभर खाली पाहणाऱ्यांना वरून दान मिळावे, ही कल्पना गोड आहे खरी; पण ते दान पक्ष्याच्या चोचीतून पडले की लेखकाच्या, असा प्रश्न मला पडला.

सौभाग्यवती म्हणाल्या, "इतकी वर्षे मान मोडून फिरले. मिळू देत की बिचाऱ्यांना!"

आणि वास्तव तरी माझ्या बाजूने कुठे आहे? १९९२ साली त्याच सफोकमध्ये, हॉक्स्नी गावी, एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याच्या मित्राने तो शोधायला यंत्र फिरवले आणि हाती लागली रोमन नाणी! एकूण मोजली तेव्हा ती १४,००० हून अधिक भरली. मात्र त्या भल्या माणसाने सगळे उपसले नाही. वेळीच थांबून संबंधितांना कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना ठेवा जागच्या जागी, जसा पुरला होता तसा, पाहता आला. हातोडाही सापडला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एखाद्या कादंबरीकाराने हा हातोडा लिहिला असता तर मी त्याला दाद दिली असती.

हे सारे मी इतक्या तळमळीने का लिहितो आहे, ते कबूल केले पाहिजे. माझ्या पहिल्या कादंबरीत कर्जबाजारी नायकाला अखेरच्या प्रकरणात परसात मोहरांचा हंडा सापडतो. तेव्हा वाचकांची पत्रे आली, मी खूश झालो. नायकाने तो हंडा जिल्हाधिकाऱ्यांना कळवला नाही, याकडेही कोणी लक्ष वेधले नाही; वास्तविक दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे! याच विद्यार्थ्याने मात्र नववीत असताना विचारले होते, "सर, हंडा नसता सापडला तर त्याने काय केले असते?" मी त्याला गृहपाठ पुरा करायला सांगितले.

यंदा नव्या आवृत्तीची बोलणी निघाली तेव्हा पेनी टेबलावर ठेवून ते प्रकरण पुन्हा काढले. हंड्याची चार पाने खोडली. नायक परसात कुदळ घेऊन उभा आहे, सावकार उद्या सकाळी येणार आहे, आणि पुढचे वाक्य मला अजून सुचलेले नाही.