आलेखातली न हलणारी रेघ

आज दोनच आलेखांबद्दल बोलायचं आहे. दोन्हींचा विषय मरण हाच. एक १८५८ सालचा, आणि दुसरा २०२० साली आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेला. आलेख समोर आला की आपण विचारतो, आकडे खरे आहेत का? ते विचारायलाच हवं. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारून बघा : हा आलेख कोणाशी बोलतोय, आणि त्याला काय करायला सांगतोय?

पहिला आलेख फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा. दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणाऱ्या परिचारिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण क्रिमियन युद्धाहून परतल्यावर या बाई आकडे घेऊन बसल्या. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाची त्यांना मदत झाली. त्यांनी एक वर्तुळ काढलं. त्याला बारा पाकळ्या, एका महिन्याची एक. लाल म्हणजे जखमांनी झालेले मृत्यू, निळा म्हणजे साथीच्या रोगांचे, काळा म्हणजे बाकीच्या कारणांचे. जानेवारी १८५५ची पाकळी बघा. जखमांनी मेलेले सैनिक ८३, आणि रोगांनी २,७६१!

आता खरी गोष्ट पुढेच आहे. निळ्या रंगाला त्यांनी नुसतं ‘रोग’ म्हटलेलं नाही. हे रोग टाळता येण्याजोगे किंवा निदान सौम्य करता येण्याजोगे आहेत, असं आलेखाच्या बाजूलाच लिहून ठेवलंय. शेजारी पुढच्या वर्षाचं दुसरं वर्तुळ आहे, कितीतरी लहान. मधल्या काळात, मार्च १८५५मध्ये, स्वच्छता आयोग तिथे पोहोचला होता. गटारं साफ झाली, इस्पितळात हवा खेळू लागली. म्हणजे हा आलेख सरकारला तोंडावर सांगतोय की तुमची माणसं शत्रूपेक्षा तुमच्या घाणीनं जास्त मारली.

चित्र म्हणून त्यात दोष आहेत. प्रत्येक रंगाचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या मध्यापासून मोजायचं, त्यामुळे रंग एकावर एक येतात. डोळ्याला क्षेत्रफळाचा नीट अंदाजही येत नाही. साध्या स्तंभालेखात हेच आकडे जास्त स्वच्छ दिसले असते. पण जबाबदारी कोणाची, याबद्दल त्यात जराही संदिग्धता नाही.

आता दुसरा. दोन उंचवटे, एक उंच आणि अरुंद, दुसरा बुटका आणि पसरट. आडवी जाणारी एक तुटक रेघ. उंच उंचवटा रेघेच्या वर जातो, बुटका तिच्या खाली राहतो. खाली संदेश : घरी राहा, हात धुवा, हा उंचवटा सपाट करा. या आकृतीचं पूर्वरूप अमेरिकेतल्या सीडीसीच्या २००७च्या मार्गदर्शिकेत होतं. २०२०मध्ये ती तुटक रेघेसकट जगभर गेली.

तिचं काम मी कमी लेखत नाही. साथ कशी पसरते हे गणिताशिवाय लाखो लोकांना कळलं, ते या आकृतीमुळे. पण समीक्षा करायची तर त्या रेघेकडे बघायला हवं. ती रेघ म्हणजे आरोग्यव्यवस्थेची क्षमता. उंचवटा खाली येतो, पसरतो. रेघ मात्र जागची हलत नाही. समुद्रसपाटी असावी तशी ती पाठीमागे पडून राहते. बहुतेक आवृत्त्यांत अक्षांवर आकडेसुद्धा नव्हते. मग ती रेघ नेमकी किती उंचीवर आहे, हे विचारणार कुठून?

खरं तर ती रेघ निसर्गानं आखलेली नव्हती. तिच्यात खाटा होत्या, परिचारिकांच्या भरलेल्या आणि रिकाम्या ठेवलेल्या जागा होत्या, वर्षानुवर्षांची अंदाजपत्रकं होती. आणि ती हलवता येते, हे आपण पाहिलंय. २०२०मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर जम्बो कोविड केंद्र उभं राहिलं, म्हणजे रेघ वर गेली. पुढच्याच वर्षी, एप्रिल-मे २०२१मध्ये, देशभर लोक ऑक्सिजनसाठी आणि खाटेसाठी फोन फिरवत होते. तेव्हा ती रेघ कुठे आहे हे घराघरात कळलं. आलेख न बघता कळलं.

दोन्ही आलेख खरे आहेत. पण नाइटिंगेलबाईंचा आलेख राज्यकर्त्यांना उभं करून जाब विचारतो. दुसरा तुम्हाआम्हाला शिस्त शिकवतो आणि राज्यकर्त्यांच्या वाट्याचा भाग पार्श्वभूमी करून टाकतो. यात कोणाचा कट होता असं मी म्हणत नाही. सल्ला नागरिकांना द्यायचा होता, म्हणून आलेख नागरिकांसाठी काढला गेला. पण आज आपल्याला दिसणारे कितीतरी आलेख याच जातीचे असतात. पाणी जपून वापरा, वीज वाचवा, पावलं मोजा. त्यांत हलणारी गोष्ट म्हणजे आपलं वागणं. धरण, वीजकेंद्र, चालायला पदपथ आहे की नाही, हे सगळं स्थिर धरलेलं असतं.

म्हणून पुढच्या वेळी आलेख समोर आला की आधी त्यातली न हलणारी रेघ शोधा. ती कोणी आखली, आणि आलेख काढणाऱ्यानं ती स्थिर का धरली, एवढं विचारा. आता थांबतो, तुमचे प्रश्न घेऊ या.