ध्वनिक्षेपित संहिता आणि ‘गीतरामायण’

एखाद्या कलाकृतीची लोकप्रियता हीच कित्येकदा तिच्या समीक्षेतील अडसर ठरते. ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतरामायणा’च्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. या कृतीविषयी मराठीत विपुल लिहिले गेले. परंतु त्यातील बहुतेक लेखन आठवणींचे, गौरवाचे किंवा चालींच्या आस्वादाचे आहे. ज्यांनी वाङ्मयीन मूल्यमापनाचा प्रयत्न केला, त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक समोर ठेवले आणि त्यास कधी खंडकाव्याचे, कधी भावगीतसंग्रहाचे निकष लावले. खंडकाव्य म्हणून पाहिले की कथानकातील दुवे निखळलेले दिसतात. भावगीत म्हणून पाहिले की प्रसंगाचे ओझे जाणवते. दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : ‘गीतरामायणा’ची मूळ संहिता म्हणजे छापलेले शब्द. हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज आहे. कारण ही कृती ग्रंथरूपात येण्यापूर्वी वर्षभर प्रामुख्याने कानांसाठी अस्तित्वात होती.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. या नव्या केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने वर्षभर चालणाऱ्या संगीतमालिकेची कल्पना आकाराला आली. माडगूळकरांनी गीते लिहिली, सुधीर फडके यांनी ती स्वरबद्ध केली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिले गीत प्रसारित झाले आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला शेवटचे. वर्षाच्या बावन्न आठवड्यांसाठी योजलेली ही मालिका त्या वर्षीच्या अधिक मासामुळे लांबली आणि गीतांची संख्या ५६ झाली. तपशील किरकोळ वाटला, तरी तो बोलका आहे. येथे कृतीचा विस्तार काव्यांतर्गत गरजेने ठरलेला नसून पंचांग आणि प्रसारणाचा आठवडा यांनी ठरविलेला आहे.

त्या काळाची आणखी एक बाजू लक्षात घ्यावी लागते. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि आकाशवाणीला स्वतःचे सुगम संगीत घडविणे भाग पडले. माडगूळकर आणि फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले कलावंत होते. विशिष्ट पात्राची विशिष्ट क्षणीची भावावस्था चार-पाच कडव्यांत पकडावयाची, ही चित्रपटगीताची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडली होती. नभोवाणीने समोरच्या दाराने नाकारलेले हे कौशल्य आदिकाव्याचे बोट धरून पुन्हा नभोवाणीवर आले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आता संहितेकडे वळू. रूडॉल्फ आर्नहाइम यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नभोवाणीविषयक ग्रंथात दृश्याचा अभाव हे या माध्यमाचे वैगुण्य नसून सामर्थ्य आहे, असे प्रतिपादन केले होते. ‘गीतरामायणा’त हे सामर्थ्य प्रामुख्याने संबोधनातून प्रकटते. यातील बरीचशी गीते कोणाला तरी उद्देशून म्हटलेली आहेत. यज्ञपुरुष दशरथाशी बोलतो, कौसल्या वनवासास निघालेल्या रामाला अडविते, नगरजन सुमंताला रथ थांबविण्यास सांगतात, भरत कैकेयीची निर्भर्त्सना करतो, वनात सोडलेली सीता लक्ष्मणाला विचारते. रंगमंचावर जे काम नेपथ्य करते, ते येथे एका नामाची संबोधन विभक्ती करते. नाव उच्चारले गेले की समोर कोणीतरी उभे आहे याची जाणीव श्रोत्याला होते, आणि त्या व्यक्तीच्या मौनासह संपूर्ण प्रसंग त्याच्या मनात उभा राहतो.

हे संबोधन पुष्कळदा ध्रुवपदातच गोवलेले असते, हेही सहेतुक मानले पाहिजे. वाचकाला मागचे पान उलटता येते. श्रोत्याला ती सोय नाही. गीत अर्धे झाल्यावर ज्याने रेडिओ लावला, त्याला कोण कोणाशी बोलत आहे हे पुढच्या ध्रुवपदाला कळते. छापील पानावर पुनरुक्ती भासणारी ओळ ध्वनिक्षेपणात दिशादर्शनाचे कार्य करते. कथानकातील निखळलेल्या दुव्यांचेही तेच. रामकथा श्रोत्याला ठाऊकच आहे, या भरवशावर कवी दोन गीतांमधील घटना गाळतो आणि ती पोकळी भरण्यासाठी श्रोत्याला आठवडाभराचा अवधी मिळतो. संहितेतील रिकाम्या जागा ग्राहक भरतो, हा विचार ग्रहणसिद्धान्तामुळे आता परिचित झाला आहे. येथे मात्र त्या जागेला काळाचे प्रत्यक्ष परिमाण आहे. पुस्तकात दोन गीतांमध्ये पान असते. प्रसारणात दोन गीतांमध्ये श्रोत्याचे स्वतःचे आयुष्य असते.

या कालपरिमाणाचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग कृतीच्या चौकटीत झाला आहे. पहिल्या गीतात कुश आणि लव रामासमोर रामचरित्र गात आहेत. मुले गातात, पिता ऐकतो, आणि परस्परांचे नाते त्या दोघांनाही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते केवळ श्रोत्याला. राजसभेतील ही श्रवणस्थिती घराघरांतील श्रवणस्थितीचे प्रतिबिंबच आहे. शेवटच्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना रामायण गाण्यास पाठवितात. म्हणजे क्रमाने अखेरचे असलेले गीत कथाकाळाने पहिल्या गीताच्या आधीचे आहे. शेवट ऐकणारा श्रोता पुन्हा आरंभाशी येऊन उभा राहतो. परंतु ज्या गीतावरून तो येथे येतो, ते उपान्त्य गीत परित्यक्ता सीतेचे आहे. सीतेच्या प्रश्नाला लक्ष्मणाने दिलेले उत्तर संहितेत नाही. त्या प्रश्नानंतर येते ती वाल्मीकींची गाण्याची आज्ञा. अन्यायाचे निराकरण होत नाही. त्याचे गायन होते आणि ते अन्याय करणाऱ्यासमोरच होते. वर्षापूर्वी पहिल्या गीतात राम काय ऐकत होता, याचा पूर्ण अर्थ आता उलगडतो. ज्या श्रोत्याने वर्षभर सोबत केली, त्याच्या स्मृतीतच ही रचना पूर्णत्वाला जाते. कृतीला शिथिल म्हणणाऱ्या समीक्षेच्या नजरेतून नेमकी हीच बांधणी निसटली आहे.

प्रसारणाचा संदर्भ सुटला म्हणजे अर्थ कसा पालटतो, याचे उदाहरण म्हणून चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते सुविख्यात गीत घेता येईल. मनुष्याच्या पराधीनतेचे त्यातील प्रतिपादन वाल्मीकींच्या अयोध्याकांडातील रामभरतसंवादावर आधारलेले आहे. मालिकेच्या क्रमात त्याआधी मातेला दोष देणाऱ्या भरताचा संताप श्रोत्याने ऐकलेला असतो. त्यामुळे रामाचे म्हणणे हा प्रथमतः एक युक्तिवाद ठरतो : कैकेयीला दोषमुक्त करावे आणि भरताने परत जावे, यासाठी थोरल्या भावाने केलेला. हे गीत क्रमातून सुटे झाले, समारंभांतून आणि शोकसभांतून स्वतंत्रपणे गायिले जाऊ लागले, तेव्हा युक्तिवादाचे सुभाषित झाले. मग समीक्षकांना त्यात दैववाद दिसू लागला. तो दैववाद गीतापेक्षा त्याच्या सुटेपणातून अधिक निर्माण झालेला आहे.

दुसरे स्थित्यंतर आवाजाचे आहे. मूळ प्रसारण बहुस्वरी होते. रामाची गीते स्वतः फडके गात. सीतेची अनेक गीते माणिक वर्मा यांनी गायिली, तर परित्यक्ता सीतेचे गीत लता मंगेशकर यांच्या आवाजात होते. पुढे फडके यांनी रंगमंचावर संपूर्ण ‘गीतरामायण’ एकट्याने सादर करण्यास आरंभ केला. ध्वनिमुद्रिका आणि कॅसेट यांच्याद्वारेही त्यांचाच आवाज घरोघर पोहोचला. पुढच्या पिढ्यांना माहीत असलेले ‘गीतरामायण’ हे असे एकस्वरी आहे. या बदलात काही साध्य झाले, हे नाकारता येणार नाही. एकाच गायकाने सर्व पात्रे उभी करावीत ही कीर्तनाची जुनी रीत आहे, आणि चौकटीतील ‘गायिले गेलेले चरित्र’ ही कल्पना त्या रीतीशी अधिक जुळते. फडके यांच्या शब्दोच्चारातील भावनिष्ठ स्पष्टतेने एकसंधताही लाभली.

तथापि, जे गमावले गेले त्याची नोंद समीक्षेने घेतली नाही. प्रसारणात सीतेचा प्रश्न स्त्रीच्या कंठातून येत होता आणि रामाच्या आवाजापासून तो पृथक् होता. एकल सादरीकरणात प्रश्न विचारणारी आणि ज्याच्या निर्णयामुळे तो प्रश्न उद्भवला तो, असे दोघेही एकाच आवाजात बोलतात. आणि तो आवाज मूळ श्रोत्यांना रामाचा म्हणून परिचित झालेला होता. सीतेचा प्रश्न त्यामुळे करुण राहतो, पण प्रतिवादी राहत नाही. पात्रापात्रांतील संवाद रामाच्या करुणेत विलीन होतो. ‘गीतरामायणा’कडे निव्वळ भक्तिरचना म्हणून पाहण्याची जी प्रवृत्ती दृढ झाली, तिचे एक कारण या स्वरैक्यात शोधता येईल.

वॉल्टर ऑंग यांनी विद्युत् माध्यमांतून अवतरणाऱ्या मौखिकतेला दुय्यम मौखिकता म्हटले. ती लेखनावर आधारलेली असते आणि तरीही समूहाच्या श्रवणाला आवाहन करते. मराठीत ओवी, अभंग, पोवाडा यांच्या मौखिकतेचा विचार झालेला आहे. परंतु नभोवाणीने घडविलेल्या संहितांचे काव्यशास्त्र अद्याप अविकसित राहिले आहे. श्रुतिका, नभोनाट्य, संगीतिका यांना वाङ्मयेतिहासात एखाद्या परिच्छेदाची जागा मिळते, तीही ग्रंथरूप लाभले असेल तरच. ग्रंथ हाच वाङ्मयाच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा मानण्याची ही सवय सोडल्याखेरीज विसाव्या शतकातील मराठी साहित्यव्यवहाराचे चित्र पुरे होणार नाही. ‘गीतरामायणा’च्या अभ्यासाने पुस्तकातील शब्द, आठवड्याचा काळ आणि आवाजांची वाटणी ही तिन्ही अंगे एकत्र वाचली, तर लोकप्रियतेच्या आड दडलेली एक काटेकोर रचना दिसू लागेल; आणि त्या रचनेच्या अखेरीस उभ्या असलेल्या सीतेचा प्रश्न पुन्हा तिच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येईल.