‘मामुली’ शब्दांचा अर्थ

नित्याच्या वापरांतील वस्तूंना आपण ‘मामुली’ म्हणतों आणि त्यांच्या नांवांकडेही त्याच दृष्टीनें पाहतों. वास्तविक ‘मामूल’ हा मूळचा अरबी शब्द, आपल्या ‘अंमल’ या शब्दाचा सख्खा भाऊ. त्याचा अर्थ ‘आचरणांत असलेलें, वहिवाटीचें’. मराठींत मात्र त्याला ‘क्षुल्लक’ हा अर्थ चिकटला. जें रोजचें तें हलकें, हा आपला समज या एका शब्दानें उघड केला आहे.

लातूर-नांदेडकडील ‘माळवद’ हा शब्द घ्या. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्याचा अर्थ ‘गच्ची’ असा सांगून मोकळें होण्याची रीत आहे. पण ‘गच्ची’ ही ‘गच’ म्हणजे चुना यापासून आलेली, माळवद मातीचें. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लांकडी तुळया, तुळयांवर फळ्या वा काटक्या आणि सर्वांवर मातीचा जाड थर, एवढें मिळून माळवद होतें. त्यामुळें उन्हाळ्यांत घर गार राहतें; वर शेवया-कुरडया वाळतात, रात्रीं माणसें निजतात. पावसाळ्याच्या तोंडीं त्यावर नवी माती घालतात. जुनी बहुधा तशीच राहते. म्हणून घर जुनें होईल तसतसें छप्पर जड होत जातें. खानदेश-वऱ्हाडाकडील ‘धाबें’ हें माळवदाचें खरें नातलग, गच्ची नव्हे.

हा केवळ शब्दपंडितांचा वाद नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन झालेलें. गांवें झोपेंत होतीं. मातींत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वर्षानुवर्षें साचलेली माती निजलेल्यांच्या अंगावर आली. ‘गच्ची कोसळली’ या वाक्यांत यांतलें कांहींच येत नाहीं. त्या पहांटेपासून ‘माळवद’ या शब्दाला गारव्याबरोबर धास्तीचाही अर्थ आला आहे.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’नें (१९३२-३८) प्रांतोप्रांतींचे शब्द गोळा करून मोठें उपकार केले. त्यापुढील काम आपलें आहे. प्रतिशब्द देणें म्हणजे अर्थ देणें नव्हे. वस्तु कशाची केली, तिची निगा केव्हां नि कशी राखतात, तिच्यापासून सुख कोणतें आणि तिचा भार कोणावर, हें ज्या टिपेंत सांगितलें असेल, तीच टीप वाचकाच्या उपयोगाची. तोंवर आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतील घरेंही आपल्याला परकींच राहणार.